बारा मिलीमीटरची सळई आणि गंगारामभाऊंचे पाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि पांडेसऱ्यातील आपल्या प्रोसेस हाउसचे व्यवस्थापक माननीय छगनभाई जरीवाला. प्रमुख पाहुण्या, बमरोलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय नीलमबेन. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती गंगारामभाऊ इंगळे आणि सौभाग्यवती रंभाबाई. रंगखाते, बॉयलर खाते आणि फोल्डिंग खात्यातील सर्व बंधू. आमच्या चाळीतील माताभगिनी. आणि पुढच्या सतरंजीवर बसून माझ्याकडे न पाहता मागच्या झाकलेल्या वस्तूकडे पाहणारी बालमंडळी. सर्वांना जय भीम आणि सविनय नमस्कार.

माझे नाव रघुनाथ. गंगारामभाऊंच्या भिंतीला माझी भिंत लागून आहे आणि पॉलिटेक्निकमध्ये मी पदार्थांचे बलशास्त्र शिकवतो. कोणती वस्तू किती भार सोसेल, कधी वाकेल आणि कधी तुटेल, हे सांगण्याचा पगार मला मिळतो. आज मला पाच मिनिटे दिली आहेत. अध्यक्षमहाराज, मी आरंभीच क्षमा मागून ठेवतो, कारण ज्या विषयासाठी वर्गात मला तीन आठवडे मिळतात, तो आज पाच मिनिटांच्या गाठोड्यात बांधायचा आहे, आणि गाठोडे फुगणार हे मला आत्ताच दिसते आहे.

सत्काराच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. गंगारामभाऊंचा एकच गुण सांगतो, त्यात बाकीचे सगळे आले. गंगारामभाऊ फिटर खात्याचे फोरमन. त्यांच्या हाताखाली ज्याने काम केले त्याला हे वाक्य झोपेतही ऐकू येते: "अजून एक नंबर जाड." बोल्ट आणला, की अजून एक नंबर जाड. पाइप आणला, की अजून एक नंबर जाड. त्यांच्या खोलीत छत्री टांगायची जी खुंटी आहे, तिला बैल बांधता येईल. रंभाबाईंच्या रॉकेलच्या स्टोव्हखाली जी तिवई आहे, तिच्यावर उद्या बॉयलर ठेवला तरी छगनभाईंनी काळजी करू नये.

या जाडीमागे कारण आहे. गंगारामभाऊ मिलमध्ये नवे होते तेव्हा कापडाचा रोल वर ओढताना एका कप्पीची सळई तुटली. रोल खाली आला. ते क्षणभरापूर्वीच तिथून बाजूला झाले होते. कोणाला खरचटलेही नाही, परंतु त्या दिवसापासून हा माणूस टांगलेल्या कोणत्याही वस्तूखाली उभा राहिलेला नाही. त्यांच्या खोलीत पंखा मधोमध आहे आणि खाट कोपऱ्यात आहे. सुरतेच्या मे महिन्यात, मंडळी. वारा खोलीच्या मध्यावर फिरतो आणि गंगारामभाऊ कोपऱ्यात घाम पुसत त्या वाऱ्याकडे समाधानाने पाहतात.

हसू नका. हसा, पण हळू. ते ऐकताहेत.

आता या माणसाचा संसार कोणत्या गावात व्हावा? सुरतेत. जिथे घर म्हटले की हिंचका आलाच. आपण त्याला झोपाळा म्हणतो, सुरत त्याला हिंचको म्हणते, आणि आमच्या चाळीने दोन्ही भाषांचा मान राखून त्याचा हिंचका केला. रंभाबाई मलकापुराकडून लग्न होऊन इथे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सोसायटीत एका बेनच्या घरी त्यांनी हिंचका पाहिला. पितळी सळ्या, सागवानी पाट, त्यावर बसून भाजी निवडणारी बाई. त्या दिवशी घरी येऊन त्या म्हणाल्या, "मले असा एक पाहिजे." गंगारामभाऊ म्हणाले, "पत्र्याच्या छपराला हिंचका टांगत नसतात." ते खरेच होते. त्यानंतर रंभाबाई लोकांच्या हिंचक्यांवर बसत राहिल्या आणि गंगारामभाऊ त्या घरांच्या दारात, बाहेर उभे राहत राहिले.

गेल्या वर्षी त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे माझा माजी विद्यार्थी हितेश याने, इथेच, सुरतेतल्या कोसाडला पक्क्या छपराचे घर घेतले. सूनबाई जागृती आहे, दोन नातवंडे आहेत. रंभाबाईंना तिथे राहायचे आहे. गंगारामभाऊंनी मात्र ठरवले, की निवृत्ती झाली, आता गावाकडे जायचे. रविवारची तिकिटे काढली. आपण हा निरोप समारंभ ठरवला, फलक रंगवला, शाली आणल्या. आणि इथे रंभाबाईंनी पैज लावली.

मी भिंतीपलीकडून ऐकली आहे, म्हणून शब्दशः सांगतो. त्या म्हणाल्या, "कोसाडच्या घरात आता हिंचका होऊ शकते. तुमी माह्या बाजूले हिंचक्यावर बसा, दोन्ही पाय वर घेऊन. बसले तं आपण इथंच राह्यचं. नाही बसले तं मी मुकाट्यानं गाडीत बसते."

गंगारामभाऊ म्हणाले, "मंजूर."

किती शांतपणे म्हणाले. कारण त्यांना ठाऊक होते, की ज्या सळईवर त्यांचा विश्वास बसेल अशी सळई सुरतेच्या लोखंडबाजारात अजून आलेली नाही. रंभाबाई तशाच उठून माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमी पोरायले शिकवता ते खरं असते का?"

सभाजनहो, पंधरा वर्षे शिकवतो आहे. इतका थेट प्रश्न मला कोणत्याही तपासणी समितीने विचारलेला नाही. मी म्हणालो, "खरे असते, वहिनी." त्या म्हणाल्या, "मंग यायले पटवा."

म्हणून आज माझे भाषण दिसायला निरोपाचे असले, तरी ते एका श्रोत्यासाठी आहे. गंगारामभाऊ, आपण समोर बघावे. मी पायरीपायरीने जातो.

पहिला प्रश्न: हिंचक्यावर किती भार येणार? पाट चाळीस किलोचा. बसणार किती? पाट दोघांसाठी असतो, असे सुतार म्हणतो. परंतु आपण सुरतेत राहतो. दोघे बसले की तिसरा सरकवून बसतो, चौथी म्हणते मी टेकतेच नुसती, आणि दोन नातवंडे मांडीवर येतात. सहा धरू. साठ किलोप्रमाणे तीनशे साठ, अधिक पाट, एकूण चारशे किलो.

दुसरा प्रश्न: सळ्या चार, तर प्रत्येकीवर शंभर किलो येतील का? येतील, जर चारही सळ्या केसभरही लांबआखूड नसतील तर. पण चार पायांचे टेबल आपण सर्वांनी पाहिले आहे. एक पाय जरा आखूड असला, की सगळे ओझे समोरासमोरच्या दोन पायांवर जाते आणि बाकीचे दोन आराम करतात. सळ्यांचेही तसेच. म्हणून मी असे धरले, की दोन सळ्या काम करतात आणि दोन बिगारी चुकवतात. प्रत्येकीवर दोनशे.

तिसरा प्रश्न माझा लाडका आहे. हिंचका उभा नसतो, हलतो. झोका अगदी खाली आला की अंग जड वाटते ना? आपण पाटावर जास्त दाबले जातो, ते तेव्हा. हिंचका सरळ रेषेपासून साठ अंशांपर्यंत झुलवला, म्हणजे घरातल्या पोरांनी आई स्वयंपाकघरात असताना झुलवला, तर सर्वांत खालच्या बिंदूवर सळईला बसणारी ओढ बरोबर दुप्पट होते. बरोबर दुप्पट. हे गणित फळ्यावर सुटते तेव्हा माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी मुलगा हसतो, इतके ते सुंदर आहे. दोनशेचे झाले चारशे. एका सळईवर, लक्षात घ्या.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. ते म्हणतात, "मास्तर, हवे पतावो ने." आटोपतो, छगनभाई. आता फक्त लोखंड उरले.

साधे मऊ पोलाद चौरस मिलीमीटरमागे सुमारे पंचवीस किलो ओढ सोसते आणि मग कायमचे ताणू लागते. मग पंचवीस धरायचे का? मुळीच नाही. रंभाबाई पाहुण्यांसाठी कणीक मळताना माणसे मोजून मळतात का? एखादा जास्त येईल, एखाद्याला जास्त भूक असेल, म्हणून वर धरतात. लोखंडातही एखादा दोष असेल, एखादी सळई गंजेल, एखादा लग्नघरचा पाहुणा उडी मारून बसेल. म्हणून पाचवा हिस्सा. पंचविसाऐवजी पाच. चारशेला पाचाने भागा.

पुढच्या सतरंजीवरून उत्तर आले, ऐंशी. शाबास. ऐंशी चौरस मिलीमीटर. इतका सळईचा काप, म्हणजे ती आडवी कापल्यावर दिसणारी चकती, हवा.

मधे फोल्डिंग खात्यातून बळीरामने हात वर केला आहे. या भाषणाच्या तालमीच्या वेळी त्याने हेच विचारले होते, पुन्हा विचारतो आहे. "सर, सळई लांब असली तं लवकर तुटते ना?" बळीराम, रस्सीखेच आठव. दोर दहा हात असो की वीस हात, जो जोर या टोकाला तोच त्या टोकाला. लांब सळई जरा जास्त ताणली जाईल, पण ताकद तिच्या जाडीत आहे. बस आता.

आता सळ्यांची परीक्षा. दहा मिलीमीटरची सळई आली. काप साडेअठ्ठ्याहत्तर. हवेत ऐंशी. नापास, दीड गुणाने. आणि मी वाढीव गुण देत नाही, हितेशला विचारा. बारा मिलीमीटरची आली. काप एकशे तेरा. पण थांबा, इथे भले भले घसरतात. सळईच्या टोकाला नट बसवायचा म्हणजे आटे पाडावे लागतात, आणि आटे म्हणजे सळईच्या अंगातून काढलेले लोखंड. आट्यांपाशी काम करणारा काप उरतो सुमारे चौऱ्याऐंशी. हवेत ऐंशी. उत्तीर्ण.

हे मी अशाच आनंदात गंगारामभाऊंच्या खोलीत सांगितले आणि बारा मिलीमीटरची सळई त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती अंगठ्याशेजारी धरली, उजेडात फिरवली आणि म्हणाले, "सर, ही तं उदबत्ती आहे."

मी विचारले, "मग किती हवी?"

त्यांनी मिलमधल्या भंगारातला दोन इंची शाफ्ट सुचवला. चार तुकडे.

मी हिशेब केला. त्या चार शाफ्टांचेच वजन सव्वाशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे कोणी बसायच्या आधीच हिंचक्यावर दोन अदृश्य माणसे बसलेली, आणि ती कधी उठणार नाहीत. वर टांगणाऱ्या कड्यांनी त्यांना जन्मभर पोसायचे. आणि झोका द्यायला रोज बॉयलर खात्यातून दोघे बोलवायचे. रंभाबाई तेव्हा दारातून म्हणाल्या, "मले हिंचका पाहिजे, सर. यायले पूल बांधायचा आहे."

गंगारामभाऊ, दुप्पट जाड सळई दुप्पट मजबूत होते, असे आपण समजता. ती चौपट होते. जाडी थोडी वाढली, की ताकद धावत सुटते. म्हणूनच अजून एक नंबर, अजून एक नंबर असे करत कुठे थांबायचे, ते ठरवावे लागते. हिशेब जाड घ्यायला शिकवत नाही आणि बारीक घ्यायलाही शिकवत नाही. तो थांबायला शिकवतो.

तरी ते पटले नाहीत. म्हणाले, "कागदावर कोणी पडत नाही, सर." योग्य बोलले. म्हणून आम्ही चाचणी घेतली. कोसाडला कड्या स्लॅबच्या गजांना वेढून घालाव्या लागतील, त्याला वेळ आहे. म्हणून छगनभाईंनी बॉयलर खात्याच्या जाड पाइपांची चौकट करून दिली. त्या चौकटीचाही हिशेब माझ्यापाशी आहे... नको? बरे, नको.

मिलच्या अंगणात चौकट उभी केली, हिंचका टांगला. झोक्याची भरपाई म्हणून दुप्पट भार, आठशे किलो, पाटावर ठेवून संध्याकाळपर्यंत सोडायचा, असे ठरले. भार आणण्याचे काम बळीरामकडे दिले. आता कापडगिरणीत भार म्हणजे काय? कापड. बळीरामने रंगखात्यातून नुकताच उपसलेला गुलाबी कपडा ढकलगाडीने आणला, काट्यावर नीट तोलला, पाटावर रचला आणि अभिमानाने मिशीला हात लावला. दुपारपाळी सुटली, सगळे पाहायला आले. हिंचका जागच्या जागी. टाळ्या झाल्या. गंगारामभाऊंच्या चेहऱ्यावरची एक आठी सैल होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

तेवढ्यात मी खाली पाहिले. हिंचक्याखाली गुलाबी तळे होते.

कपडा ओला तोलला होता, मंडळी. दुपारभर तो निथळत होता आणि आम्ही उभे राहून एका हलक्या होत जाणाऱ्या हिंचक्याचे कौतुक करत होतो. ही चूक सुताराच्या हातून झाली नसती, लोहाराच्या हातून झाली नसती. ओला कपडा हेच ज्यांचे जग आहे, त्यांच्याच हातून ती व्हायची होती. गंगारामभाऊंनी तळ्याकडे पाहिले, बळीरामकडे पाहिले आणि आठी पुन्हा आवळली. "अजून एक नंबर जाड," ते म्हणाले आणि घरी गेले.

बळीरामला दोन दिवस कोणी नावाने हाक मारली नाही. सगळे त्याला 'गुलाबी' म्हणत होते.

दुसरी चाचणी परवा झाली. या वेळी फोल्डिंग खात्यातल्या कोरड्या, बांधलेल्या गाठी. मी स्वतः प्रत्येक गाठीवर हात फिरवला. आठशे किलो सकाळी चढवले, संध्याकाळी उतरवले, आणि सळ्या मोजल्या. जितक्या लांबीच्या होत्या तितक्याच. लोखंडाला काही झाले आहे, असे लोखंडाला वाटलेच नाही. गंगारामभाऊंनी प्रत्येक आटा नखाने तपासला. आणि मंडळी, ते "अजून एक नंबर" असे म्हणाले नाहीत.

म्हणून आता, अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून, जागृती, ती चादर काढ.

हा तो हिंचका. चौकट तीच, सळ्या त्याच, बारा मिलीमीटर. पाटावर गादी नवी आहे.

रंभाबाई, आपण यावे. ...बसल्या. आता गंगारामभाऊ. मी आग्रह करणार नाही, पैज आपली आहे. अध्यक्षमहाराज मात्र आग्रह करताहेत: "अरे गंगारामभाई, बेसी जाओ ने." सबंध फिटर खाते उभे राहिले आहे. मंडळी, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही.

ते आले. सळईला हात लावला. वर पाहिले. नटाला हात लावला. बसले.

टाळ्या थांबवा, थांबवा. टाळ्या आत्ता नाहीत. कृपया सर्वांनी सत्कारमूर्तींच्या पायांकडे पाहावे. दोन्ही पाय व्यासपीठावर घट्ट टेकलेले आहेत. गंगारामभाऊ, शिक्षक म्हणून मला सांगावे लागते, की आपले पाय खाली असेपर्यंत आपण हिंचक्यावर नुसते टेकलेले आहात. बराच भार जमीन घेते आहे. सळ्यांना अजून आपली ओळख झालेली नाही. ही चाचणी आणि ती गुलाबी चाचणी, दोन्ही सारख्याच.

ते विचारतात, "वर घेतले आणि काही झालं तं?"

रंभाबाई काय म्हणाल्या ते मागे ऐकू गेले नसेल, मी सांगतो. त्या म्हणाल्या, "तं मी बाजूलेच आहे. दोघं पडू."

मी ध्वनिक्षेपकापासून जरा बाजूला होतो.

...मंडळी, जे आपण पाहिले ते मीही पाहिले, परंतु व्हिडिओ शूटिंगवाल्यांचा कॅमेरा नेमका तेव्हा माझ्या तोंडावर होता, म्हणून नोंद म्हणून सांगतो. गंगारामभाऊंनी पाय वर घेतले नाहीत. रंभाबाईंनी आपल्या पायाने जमिनीला एक रेटा दिला. हिंचका मागे गेला. आणि जमीनच गंगारामभाऊंच्या पायाखालून निघून गेली. पाय अधांतरी, दोन्ही. हिंचका पुढे आला, मागे गेला, पुढे आला. त्यांनी सळई घट्ट धरली होती, मग नुसती धरली, मग हात मांडीवर ठेवला. आणि आता, आपण पाहतच आहात, पाय त्यांनी स्वतः वर घेतले आहेत. मांडी घातली आहे. फिटर खात्याच्या फोरमननी हिंचक्यावर मांडी घातली आहे.

त्यांनी मला काहीतरी विचारले. "सर, किती जाड म्हणाले होते?"

बारा, गंगारामभाऊ.

ते म्हणतात, "पुरे आहे."

सभाजनहो, या माणसाच्या तोंडून हा शब्द या मिलमध्ये कोणी कधी ऐकला आहे? छगनभाई मान हलवताहेत, त्यांनीही नाही. पुरे आहे. माझी नोकरी सार्थकी लागली.

आता कामाची सूचना. मागचा 'निरोप समारंभ' असा रंगवलेला फलक काढायला शिडी लागेल, बळीरामने ती आणावी. कोरडी. रविवारची तिकिटे हितेश उद्या स्टेशनवर जाऊन परत करील. शाल आणि नारळ मात्र सत्कारमूर्तींनी ठेवून घ्यावेत, निवृत्ती तर खरीच आहे. हिंचका कोसाडला जाईल, आणि कड्या बसवताना गंगारामभाऊ स्वतः हजर राहतील, असे त्यांनी आत्ताच हिंचक्यावरून, न थांबता, कळवले आहे.

अध्यक्ष छगनभाईंनी चौकट दिली आणि वेळही दिला, नीलमबेननी शाळेची सतरंजी आणि शाळेचे ध्वनिक्षेपक दिले, बॉयलर आणि फोल्डिंग खात्यांनी खांदे दिले, बळीरामने आम्हा सर्वांना हसू दिले. सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कुठे हिशेब लांबला असेल, कुठे वडीलधाऱ्यांविषयी थट्टा प्रमाणाबाहेर गेली असेल, तर आपण ती पाचव्या हिश्शाने मोजावी आणि उरलेले मोठ्या मनाने सोडून द्यावे.

चहा बाहेर तयार आहे. सत्कारमूर्तींचा चहा कृपया इथेच आणावा. ते उतरायला तयार नाहीत.